मोटारीला नाही, फीडरला मीटर!

वीजजाळे शहाणे होते आहे. गावाने हिशोबात मागे राहू नये



गेल्या रब्बीत एका गावी गव्हाची पाहणी करायला गेलो होतो. पेरून चाळीस-बेचाळीस दिवस झालेले, पीक कांडी धरायला लागलेले. या वेळचे पाणी चुकले की ओंबी लहान पडते आणि पुढे कितीही युरिया टाकला तरी ती भरून येत नाही, एवढेच मला सांगायचे होते. पण ऐकायला शेतात माणूसच नव्हता. सगळे ओढ्याकाठच्या डीपीपाशी जमलेले. रात्री बाराला लाईट आली आणि साडेबाराला डीपी जळाली. खाली तेल सांडलेले, वर काळी पडलेली टाकी. प्रत्येकाचे बोट दुसऱ्याच्या विहिरीकडे.

नवी डीपी दोन दिवसांत बसली. पंधरवड्याच्या आत तीही गेली! मग मात्र गावातल्या चार जाणत्यांनी वायरमनला बरोबर घेतले, मलाही ओढले, आणि आम्ही विहीर-विहीर फिरून वहीत नोंद केली. डीपी ६३ केव्हीएची. कागदावर तिच्यावर बारा कनेक्शने, त्यांतली आठ तीन हॉर्सपॉवरची आणि चार पाचची, म्हणजे एकूण ४४ हॉर्सपॉवर. प्रत्यक्षात मोटारी निघाल्या सोळा! त्यांतल्या पाच साडेसातच्या, नऊ पाचच्या आणि दोनच तीनच्या. बेरीज साडेअठ्ठ्याऐंशी हॉर्सपॉवर. चार मोटारी तर चक्क आकड्यावर. वर नऊ स्टार्टरला ऑटो स्विच.

आता सांगा, डीपीचा काय दोष?

मी काही वीजतज्ज्ञ नाही. कृषी पदविका घेतलेला, खते-बियाणे-पाण्याचे सांगत फिरणारा माणूस. पण त्या दिवसापासून वीज हा विषय मी पाण्याच्या पाळीइतकाच महत्त्वाचा मानू लागलो. त्यातून अलीकडे वीज वितरणाचे सारे जाळेच बदलू लागले आहे. स्मार्ट मीटर, सौर फीडर, मोबाईलवरून चालणारी उपकेंद्रे असे शब्द कानावर पडतात. यात आपल्या शेताचे काय होणार, गावाने काय करायचे, हे जेवढे मला समजले तेवढे साध्या भाषेत मांडतो.

विजेचाही कालवाच असतो

धरणाचे पाणी शेतात कसे येते ते आपल्याला ठाऊक आहे. मोठा कालवा, त्यातून चारी, चारीतून पोटचारी आणि शेवटी शेतातला पाट. वीजही तशीच येते. वीजकेंद्रातून मोठ्या मनोऱ्यांवरून ती दूरवर जाते. आपल्या भागातल्या ३३ केव्ही उपकेंद्रात आली की तिथून ११ हजार व्होल्टच्या लाईनी निघतात. एक-एक लाईन म्हणजे एक-एक फीडर. फीडर ही आपली चारी समजा. चारीवर जागोजाग डीपी, म्हणजे रोहित्रे. तिथे ११ हजारांचे ४४० व्होल्ट होतात आणि तारा विहिरीकडे जातात. तो झाला पाट.

पाटात गळती होते, मधेच कोणी फोडून पाणी घेतो, शेवटच्या माणसाला थेंबही पोचत नाही. विजेचेही तेच. तार लांब, जुनी आणि सांध्यांची असली की वीज तारेतच तापून वाया जाते. आकडा टाकणारा मधेच फोडतो. शेवटच्या विहिरीवर व्होल्टेज इतके पडते की मोटार नुसती घुरघुरते आणि जळते.

आपल्या राज्यात वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले. २००३ च्या वीज कायद्यानंतर, २००५ साली, मंडळाचे भाग पडून निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्या झाल्या. वितरणाचे काम महावितरणकडे आले. मंडळाच्या काळात तारा आणि खांब गावोगाव पोचवणे हेच मोठे काम होते, आणि ते झाले. पण कोणत्या चारीत किती सोडले, कुठे किती मुरले आणि कोणाच्या शेतात किती पोचले, याचा हिशोब मात्र अंदाजाने चालत राहिला. शेतीपंपाचे बिल बहुतेक ठिकाणी हॉर्सपॉवरवर किंवा सरासरीवर. मीटर असला तरी बंद, नाहीतर झाडाझुडपात.

आज ‘स्मार्ट’ म्हणून जे काही चालले आहे, त्याचे सार एकच : अंदाजाच्या जागी मोजमाप आणणे.

पहिली पायरी : गाव वेगळे, शिवार वेगळे

एकेकाळी गावठाण आणि शेती एकाच फीडरवर असे. शेतीची थ्री फेज बंद केली की गावातली पिठाची गिरणी, दवाखाना, शाळा सगळे अंधारात. म्हणून आधी सिंगल फेजची व्यवस्था आणि मग गावठाण फीडर वेगळे करण्याचे काम हाती घेतले गेले. शेजारच्या गुजरातने २००३ पासून ‘ज्योतिग्राम’ नावाने हेच काम राज्यभर केले. तिथे गावाला चोवीस तास आणि शेतीला ठरलेल्या वेळी आठ तास थ्री फेज, अशी सरळ विभागणी झाली. २०१४ मध्ये केंद्राच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजनेतही फीडर वेगळे करण्यावर भर होता.

फीडर वेगळा झाल्याचा उजेडाहून मोठा फायदा हिशोबाचा आहे. शेतीचा फीडर स्वतंत्र झाला की उपकेंद्रातल्या त्याच्या मीटरवर शेतीला गेलेली वीज स्वतंत्र दिसते. आपल्यापैकी अनेकांची जुनी तक्रार आहे की शेतीच्या नावावर इतरांची गळती आणि चोरी खपवली जाते, विहिरीवर तीनची मोटार असताना बिल पाचचे येते. या तक्रारीची शहानिशा करायची तर वेगळ्या फीडरचा मीटर हाच पहिला साक्षीदार.

दुसरी पायरी : बोलणारे मीटर

जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने वितरण क्षेत्राची सुधारित योजना मंजूर केली. एकूण आराखडा ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांचा, आणि देशभरात वितरणातली एकूण तूट १२ ते १५ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट. आपल्याकडच्या अनेक कामांना पैसा या योजनेतून येतो. त्यात नवी उपकेंद्रे, फीडर वेगळे करणे, तारा बदलणे ही कामे आहेत, आणि मीटर आहेत.

हे मीटर जुन्यासारखे मुके नाहीत. त्यात मोबाईलसारखी किंवा रेडिओची यंत्रणा असते. दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने किती वीज गेली, व्होल्टेज किती होते, वीज कधी गेली आणि कधी आली, ही नोंद आपोआप मुख्य संगणकाकडे जाते. फीडरच्या सुरुवातीला एक मीटर, डीपीवर एक आणि गावठाणात घरोघरी एकेक. फीडरवर शंभर युनिट गेले आणि त्यावरच्या डीपींवर मिळून ऐंशीच पोचले, तर वीस कुठे गेले ते शोधता येते. कोणती डीपी तिच्या ताकदीच्या वर चालली आहे, तेही ती जळायच्या आधी दिसते.

याच्या जोडीला दोन कामे आहेत. एक म्हणजे नकाशा. प्रत्येक खांब आणि डीपी उपग्रहाच्या साह्याने नकाशावर आणायची आणि प्रत्येक ग्राहक कोणत्या डीपीवर, ती डीपी कोणत्या फीडरवर, अशी साखळी जोडायची. दुसरे म्हणजे दूरनियंत्रण. उपकेंद्रातला ब्रेकर ऑपरेटरने हाताने दाबण्याऐवजी लांबच्या नियंत्रण कक्षातून बंद-चालू करायचा. मोठ्या शहरांत ही सोय २००८ नंतरच्या योजनांतून आली. खेड्याकडे ती सावकाश येते आहे. लाईनवर बिघाड दाखवणारे दिवे आणि तात्पुरता दोष गेला की आपोआप लाईन चालू करणारी यंत्रे बसली, तर वायरमनला पावसात सात-आठ किलोमीटर लाईन खांब-खांब तपासत फिरावे लागत नाही.

मात्र ही साखळी मुळात चुकीची जोडली गेली तर पुढचे सगळे चुकते. आपले कनेक्शन ओढ्याच्या डीपीवर आणि नोंद देवळाच्या डीपीवर, असे असेल तर एका डीपीवर खोटी चोरी दिसते आणि दुसरीवर खोटी शिल्लक. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, पण त्याला खोटे सांगितले तर तेच ते बिनचूक मोजत बसते.

मग माझ्या मोटारीला मीटर बसणार का?

हा प्रश्न मला प्रत्येक ग्रामसभेत विचारला जातो, आणि या लेखाचा गाभाही हाच आहे. उत्तर नीट वाचा.

शेतीपंप विखुरलेले आणि गावापासून लांब असतात, म्हणून केंद्राच्या २०२१ च्या योजनेत प्रत्येक पंपाला स्मार्ट मीटर न बसवता शेतीचा हिशोब फीडरच्या मीटरवरून करायचे ठरले आहे. म्हणजे मोटारीला नाही, फीडरला मीटर.

ऐकायला बरे वाटते. त्यातून २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आणली. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळात वीज मोफत. सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. मग आपल्याला वाटते की बिल शून्य आले, आता मीटर कुठे का असेना!

बंधूंनो, इथेच आपण फसतो. बिल आपल्याला शून्य आले तरी ते शून्य नसते. ते सरकार भरते. किती भरायचे, ते शेतीने किती वीज वापरली या आकड्यावर ठरते. योजना जाहीर झाली त्या सुमारास राज्यात शेतीपंपाचे ४७ लाखांवर ग्राहक होते. ग्राहकसंख्येत त्यांचा वाटा १६ टक्के आणि विजेच्या वापरात सुमारे ३० टक्के, असा सरकारी हिशोब आहे. उद्या मार्च २०२९ नंतर योजना चालू ठेवायची की नाही, दर काय लावायचा, तुमच्या भागाला नवे उपकेंद्र द्यायचे की नाही, हे सगळे त्याच आकड्यांवर ठरणार आहे.

आता फीडर एक आणि त्यावर माणसे चारशे. त्यांतल्या पन्नासांनी आकडे टाकले, शंभरांनी तीनच्या जागी साडेसात बसवली, तर ती सगळी वीज ‘शेतीचा वापर’ म्हणून त्या फीडरच्या नावावर चढेल. प्रामाणिक माणूस आणि आकडेवाला एकाच वहीत, एकाच ओळीत. पूर्वी माझे बिल ही माझी भानगड होती. आता फीडरचा हिशोब ही साऱ्या शिवाराची सामाईक भानगड आहे. सामाईक विहिरीवर जशी पाळी लिहून ठेवतो, तसे हे लिहून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

डीपी का जळते?

त्या गावची वही पुन्हा उघडू. ६३ केव्हीएची डीपी एका फेजवर साधारण ८४ अँपियर देऊ शकते. मोटार चालू असताना एका हॉर्सपॉवरला ढोबळमानाने दीड अँपियर लागतो असे धरा. कागदावरच्या ४४ हॉर्सपॉवरला ६६ अँपियर झाले, म्हणजे डीपी आरामात. प्रत्यक्षातल्या साडेअठ्ठ्याऐंशी हॉर्सपॉवरला १३० च्या वर! दोन बैलांच्या गाडीत साखर कारखान्याची ट्रॉली भरली तर जू मोडायचेच.

त्यात ऑटो स्विचची भर. मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या सहापटीपर्यंत करंट ओढते. माणूस हाताने बटण दाबतो तेव्हा मोटारी पाच-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू होतात. ऑटो स्विच असला की लाईट येताच साऱ्या मोटारी एकदम उठतात. रात्री थंडीत शेतात जायला नको म्हणून ऑटो बसवतो, ती अडचण मला कळते. पण त्या सोयीपायी डीपी जाते आणि आठ दिवस सगळ्यांचेच पाणी थांबते.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे कपॅसिटर. तीनच्या मोटारीला एक केव्हीएआर आणि पाचच्या मोटारीला दोन केव्हीएआरचा, मोटारीच्या जोडणीत नीट बसवला तर तीच मोटार तेवढेच पाणी देत असताना लाईनवरून ओढला जाणारा करंट शेकडा १५ ते २० ने कमी होतो. व्होल्टेज सुधारते, मोटारीचे आयुष्य वाढते. किंमत मोटार भरण्याच्या एका खर्चाहून कमी. तरी दहा विहिरींवर पाहिले तर दोनांवरही चालू कपॅसिटर दिसत नाही.

कंपनीच्या बाजूचा उपाय म्हणजे उच्चदाब वितरण प्रणाली. महावितरणने २०१८ पासून बऱ्याच नव्या शेतीपंपांना ती दिली. एका मोठ्या डीपीवरून लांब-लांब तारा नेण्याऐवजी ११ हजार व्होल्टची लाईनच शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांपुरते छोटे रोहित्र बसवायचे. तेवढीच ताकद ११ हजार व्होल्टवर नेली तर ४४० व्होल्टच्या मानाने करंट पंचवीस पट कमी लागतो. गळती करंटाच्या वर्गाने वाढते-घटते, त्यामुळे तेवढ्याच तारेतली गळती सहाशे पटींनी कमी होते. शिवाय ११ हजारांच्या तारेवर आकडा टाकायची कोणाची छाती होत नाही, आणि रोहित्र जळाले तर ते आपल्याच हाताने जळाले हे लपत नाही. रोहित्र आपले एकट्याचे असले की माणूस बैलासारखे जपतो.

दिवसा वीज : सूर्याचा फीडर

रात्रीच्या लाईटचे हाल मी सांगायला नकोत. गहू-हरभऱ्याला रात्री दारे धरताना पायाखाली साप येतो. ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती. आईबाप घरी जागे आणि पोरगा बॅटरी घेऊन वाफ्यात. त्यात पाणी नीट फिरत नाही ते वेगळेच. झोपेत बारे फुटते, अर्धे रान तुंबते, अर्धे कोरडे राहते. माझ्या खात्याच्या दृष्टीने पाहिले तर रात्रीचे भरणे म्हणजे पाणी, खत आणि वीज तिन्हींची नासाडी.

दिवसा आठ तास वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी इथे पहिले प्रयोग झाले. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिच्यातल्या पहिल्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले : छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात धोंदलगाव, नांदेडमध्ये बामणी बुद्रुक, कोल्हापुरात कोंडिग्रे, अकोल्यात जलालाबाद आणि बुलढाण्यात पळशी बुद्रुक. पाचही मिळून १९ मेगावॅट.

कल्पना सोपी आहे. उपकेंद्राच्या जवळच काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज त्याच उपकेंद्राच्या शेती फीडरवर सोडायची. ऊन असेल तेव्हा वीज तयार होते आणि तेव्हाच मोटारी चालतात. वीज लांबून आणावी लागत नाही, गळती वाचते. या विजेचा दरही युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. ढोबळ हिशोब करायचा तर एक मेगावॅटवर पाच हॉर्सपॉवरच्या सुमारे दोनशे मोटारी एका वेळी चालतात. ढग आले तर फीडर नेहमीच्या वीजजाळ्यातून वीज घेतो.

जागा द्यायची असेल तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो, तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख रुपये विकासासाठी देण्याचेही धोरण आहे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी हे लक्षात ठेवावे.

पण दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली गायरानाची. प्रकल्पासाठी बहुधा गायरानाकडेच बोट जाते. ते पडीक दिसले तरी कोणाच्या तरी शेळ्यामेंढ्यांचे ते पोट असते. ग्रामसभेत त्या घरांना आधी बोलवा, चराईला दुसरी जागा ठरवा आणि मगच ठराव करा. पंचवीस-तीस वर्षांचा मामला आहे. घाईने केलेला ठराव नातवंडांना निस्तरावा लागेल. दुसरी गोष्ट पाण्याची. दिवसा वीज आणि तीही मोफत मिळाली की विहीर उपसायला वेळ लागत नाही. वीज वाढली म्हणून विहिरीतले झरे वाढत नाहीत. सौर फीडर येण्याआधी ठिबक-तुषार येऊ द्या.

गावठाणातल्या नव्या मीटरचे काय?

घरगुती स्मार्ट मीटरबद्दल गावात बरेच बोलले जाते. आधी पैसे भरा, मग वीज, अशी प्रीपेड पद्धत येणार म्हणून लोक चिडले होते. जून २०२४ मध्ये राज्य सरकारने सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर जे नवे मीटर बसवले जाऊ लागले, त्यांचे बिल आधी वापर आणि मग पैसे अशा जुन्याच पद्धतीने.

‘नवा मीटर जोरात पळतो’ ही तक्रार असेल तर नुसते पारावर बसून बोलू नका. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारणा झाली आहे. वापराच्या मानाने रीडिंग जास्त येते अशी लेखी तक्रार केली, तर तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत पडताळणीसाठी जोडीला दुसरा मीटर बसवायचा आणि तो किमान तीन महिने ठेवायचा. दोन मीटर शेजारी-शेजारी असले की खरे-खोटे कोणालाही दिसते. जुना मीटर संथ झाला होता की नवा चुकतो आहे, याचा निकाल त्यात लागून जाईल.

गावाने आता काय करावे?

१. आपला फीडर आणि आपली डीपी ओळखा. डीपीला स्वतःचा क्रमांक असतो आणि बिलावरही तो छापलेला असतो. दोन्ही जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर शाखा कार्यालयाला लेखी कळवून दुरुस्त करून घ्या आणि पोच घ्या.

२. डीपीवार वही करा. प्रत्येक विहिरीवर मोटार किती हॉर्सपॉवरची, कागदावर किती, कपॅसिटर आहे का, ऑटो आहे का. हे काम एका दुपारी होते. ग्रामपंचायतीने प्रत्येक डीपीला एक जबाबदार माणूस नेमावा.

३. भार खरा नोंदवा. तीनच्या जागी पाच असेल तर पाच लिहून द्या. साडेसातपर्यंत मोफत विजेला त्याने बाधा येत नाही. उलट नोंदलेला भार वाढला तरच मोठ्या किंवा जादा डीपीची मागणी टिकते. कागदावर पाच आणि विहिरीवर तीन असेल तर तेही तपासून कमी करून घ्या.

४. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. एकट्याने करून भागत नाही, साऱ्या डीपीने मिळून करा.

५. आकडे बंद करा. वीज कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्याहून मोठी शिक्षा म्हणजे ओल्या बांधावर लोंबणारी उघडी तार. तिला घरचा आणि परका कळत नाही.

६. फीडरचा हिशोब मागा. आमच्या फीडरवर महिन्याला किती युनिट गेले, किती तास वीज होती, किती वेळा बंद पडली, ही माहिती लेखी मागा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. मीटर बोलतात ते फक्त कार्यालयातल्या संगणकानेच ऐकावे असे थोडेच आहे?

७. तक्रार नोंदवूनच करा. वायरमनला वाटेत गाठून सांगितलेली तक्रार वाऱ्यावर जाते. १९१२ या क्रमांकावर किंवा महावितरणच्या ॲपवर नोंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. वीज नियामक आयोगाच्या मानकांप्रमाणे ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलायचे असते आणि मानक पाळले नाही तर भरपाईची तरतूद आहे. पण तास मोजायला सुरुवात नोंदीपासून होते. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे.

८. डीपीला हात लावू नका. फ्यूज गेला म्हणून स्वतः चढणे, जाड तार बांधणे हे उद्योग थांबवा. अर्थिंगच्या खड्ड्यात मात्र उन्हाळ्यात पाणी ओतत राहा. तेवढे काम कोणीही करू शकतो.

शेवटी त्या गावाबद्दल

पहिल्या पानावरच्या त्या सोळा मोटारींचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिसरी डीपी बसण्याआधी लोकांनी देवळात बैठक घेतली. वहीतले आकडे मोठ्याने वाचले. कोणाचे नाव घेऊन कोणी भांडले नाही, पण आकडे ऐकून माना खाली गेल्या. नऊपैकी सात ऑटो त्याच दिवशी निघाले. दोघांनी काढले नाहीत, अजूनही काढलेले नाहीत. कपॅसिटर अकरा बसले. चारपैकी तीन आकडेवाल्यांनी कनेक्शनसाठी अर्ज केले. भार वाढवून दिल्यावर दुसरी डीपी मंजूर व्हावी म्हणून डीपीवार वही जोडून मागणी गेली आहे. तोवर पाणी पाळीने घ्यायचे ठरले : आठ मोटारी पहिले चार तास, आठ नंतरचे चार तास. कुरकुर होते, पण पाळी मोडलेली नाही. डीपी त्या दिवसापासून आजपर्यंत उभी आहे.

गव्हाचे मात्र व्हायचे ते नुकसान झाले. कांडी धरतानाचे पाणी दोन डीपींनी मिळून खाल्ले. ओंब्या लहान राहिल्या आणि काढणीला काहींच्या पदरात नेहमीच्या निम्म्यानेच पोती पडली. एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, “साहेब, ही वही आम्ही पेरणीच्या आधी का नाही केली?”

येत्या रब्बीची पेरणी व्हायची आहे. आपल्या डीपीची वही आपण आत्ताच करा. फीडरचा मीटर आपले काम करतोच आहे. त्याच्या शेजारी गावाची वही असली तर उद्या कोणी शेतीच्या नावावर भलताच आकडा मांडला, तर आपल्याला छातीठोकपणे सांगता येईल की आमचा हिशोब हा असा आहे, तुमचा दाखवा.